वायरलेस स्पीकर मधेच गप्प होतो? आधी तो कसा गप्प होतो ते ऐका

गाणं रंगात आलेलं असतं आणि अंतऱ्याच्या ऐन मध्यावर खोली शांत होते. ॲपमध्ये पाहावं तर गाणं चालूच, सेकंद पुढे सरकताहेत, आवाजाची पट्टी जिथल्या तिथे. कधी दहा सेकंदांत आवाज परत येतो, कधी येतच नाही. मग आपण स्पीकरचा प्लग काढतो, लावतो. तेवढ्याने नाही भागलं तर राउटरचा. सगळं सुरळीत होतं आणि दोन दिवसांनी ये रे माझ्या मागल्या.

प्लग काढून लावल्यावर बरं वाटतं याला कारण आहे. राउटर पुन्हा सुरू झाला की बरेचदा चॅनल नव्याने निवडतो, उपकरणं नव्याने जोडली जातात, अडकलेल्या गोष्टी सुटतात. जे काही बिनसलं होतं ते त्या धामधुमीत जागेवर बसतं. पण नेमकं काय बिनसलं होतं याचा मागही त्याच धामधुमीत पुसला जातो. फॅक्टरी रीसेटचं तर विचारूच नका. सगळी जोडणी पहिल्यापासून करा, जोड्या लावा, खाती भरा, आणि दोष राउटरकडे असेल तर हाती शून्य. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हे मी तीन फॅक्टरी रीसेट करून झाल्यावर सांगतेय.

तेव्हा पुढच्या वेळी आवाज गेला की दोन मिनिटं कशालाही हात लावू नका. नुसतं पाहा आणि ऐका.

आवाज जाण्याच्या तऱ्हा

आवाज तुटक तुटक येत असेल, शब्दांचे मधले तुकडे गळत असतील, तर स्पीकरपर्यंत माहिती वेळेवर पोहोचत नाहीये. स्पीकर पुढच्या काही सेकंदांचं गाणं आधीच साठवून ठेवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. एखादा तुकडा उशिरा आला तरी साठ्यावर निभावतं. तुकडे सारखेच उशिरा यायला लागले की साठा आटतो आणि शांतता पसरते. म्हणजे तुम्हाला ऐकू आलेली शांतता ही अडचणीची सुरुवात नसते. अडचण त्याच्या काही सेकंद आधी सुरू झालेली असते. घड्याळाकडे पाहताना हे लक्षात ठेवा.

ॲपमध्ये गाणं चालू नसून थांबलेलं दिसतंय? मग वायफायला मोकळं सोडा. बहुतेक वेळा कुणीतरी ते थांबवलेलं असतं, आणि तो कुणीतरी घरातलाच निघतो. गाण्यांच्या अनेक सेवा एका वैयक्तिक खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजू देतात. तुमच्या खात्यावरून मुलीने दुसऱ्या खोलीत तिच्या फोनवर गाणं लावलं की तुमचा स्पीकर निमूटपणे थांबतो, आणि तिला बिचारीला पत्ताही नसतो. यावर उपाय तांत्रिक नाही. कुटुंबाची योजना घ्या आणि प्रत्येकाने आपापलं खातं वापरा.

स्पीकर ॲपच्या यादीतूनच नाहीसा झाला असेल तर प्रकरण वेगळं. त्याच्यावरचा दिवा पाहा. दिवाच बंद असेल तर वीज. दिवा आहे पण रंग बदललाय किंवा लुकलुकतोय, तर स्पीकर नेटवर्कवरून सुटलाय. दिवा नेहमीसारखा आहे आणि तरी ॲपला तो सापडत नाही, तर स्पीकर जागेवर आहे, फोन आणि तो एकमेकांना दिसत नाहीयेत. त्याकडे पुढे येते.

आणि जोडीतला एकच स्पीकर गप्प होत असेल तर फार डोकं चालवू नका, दोघांच्या जागा बदला. नुसत्या जागा, प्रत्येकाची वायर आणि अडॅप्टर त्याच्यासोबतच जाऊ द्या. दोष स्पीकरबरोबर सरकला तर स्पीकरमध्ये किंवा त्याच्या अडॅप्टरमध्ये आहे. दोष जुन्याच कोपऱ्यात राहिला तर तो कोपरा वाईट आहे. पाच मिनिटांचं काम, आणि निम्मी शंका मिटते. एक मात्र आहे. काही जोड्यांमध्ये एकच स्पीकर वायफायवरून गाणं घेतो आणि दुसऱ्याला पुढे पाठवतो. अशा जोडीत दुसरा अडखळला तर त्याची राउटरशी नव्हे, पहिल्याशी असलेली वाट तपासायची.

हे सगळं फोनवर टिपून ठेवा: वार, वेळ, कुठला स्पीकर, कसा गेला, त्या वेळी घरात आणखी काय चालू होतं. सहा-सात नोंदी झाल्या की बहुतेकदा आकृती दिसायला लागते.

स्पीड टेस्ट काय सांगत नाही

आवाज तुटला की सगळे पहिल्यांदा स्पीड टेस्ट करतात आणि शंभरच्या वरचा आकडा पाहून आणखी गोंधळतात. गाण्याला मुळात वेग लागतो किती? चांगल्या प्रतीचं स्ट्रीमिंग ३२० किलोबिट प्रति सेकंदाच्या आसपास असतं. सीडीचा अजिबात न दाबलेला आवाज घेतला तरी तो १४११ किलोबिट, म्हणजे दीड मेगाबिटसुद्धा नाही. वेग कमी पडणं ही अडचण जवळपास कधीच नसते. अडचण असते ती सातत्याची. स्पीड टेस्ट काही सेकंदांची गोळाबेरीज दाखवते. त्यात दोन सेकंद सगळं ठप्प झालं होतं हे त्या एका मोठ्या आकड्याआड लपून जातं.

त्याऐवजी कॉम्प्युटरवरून राउटरला पिंग लावून ठेवा, म्हणजे 'आहेस का?' असं विचारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत राहा. विंडोजवर साधी पिंग आज्ञा चार वेळा विचारून थांबते, पण सतत चालू ठेवायचा पर्याय तिच्यात आहे. घरातल्या घरात उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवं. मधूनच तीनशे, पाचशे असे आकडे उडत असतील किंवा उत्तरच येत नसेल, तर घरातल्या वायफायची तब्येत बरी नाही. कॉम्प्युटर स्पीकरच्या शेजारी नेऊन ठेवा, नाहीतर तुम्ही भलत्याच कोपऱ्याची नाडी तपासत बसाल.

इंटरनेट दोषी की घरातलं वायफाय, हे ठरवायला आणखी सोपी युक्ती आहे. फोनमध्ये साठवलेलं एखादं गाणं वायफायवरूनच स्पीकरवर वाजवा. तेही तुटलं तर बाहेरचं इंटरनेट निर्दोष. ते व्यवस्थित वाजलं आणि फक्त स्ट्रीमिंग तुटतंय, तर बाहेरच्या वाटेकडे पाहा. त्यातला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे कुणाच्या तरी फोनमधून क्लाउडवर चढणारे फोटो आणि व्हिडिओ. बाहेर जाणारी वाट भरून वाहायला लागली की आत येणाऱ्या गाण्याच्याही मागण्या रांगेत उभ्या राहतात. राउटरमध्ये क्यूओएस नावाची, म्हणजे कुठल्या माहितीला आधी वाट द्यायची हे ठरवणारी सोय असेल तर ती चालू करा, नाहीतर फोटो चढवायची वेळ मध्यरात्रीवर ढकला.

२.४ गिगाहर्ट्झची गर्दी

आता खऱ्या दुखण्याकडे. बरेच वायरलेस स्पीकर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, काहींना तर दुसरा पट्टा येतच नाही. हा पट्टा २४०० ते साधारण २४८३ मेगाहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे अवघा ८३ मेगाहर्ट्झ रुंद. एका वायफाय चॅनलला त्यातले वीसेक लागतात. चॅनलचे क्रमांक १ ते १३ असले तरी त्यांच्यात अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचं, त्यामुळे शेजारचे चॅनल एकमेकांवर चढतात. एकमेकांना न छेडता बसतील असे तीनच धरतात: १, ६ आणि ११. तुमचं, शेजाऱ्यांचं, वरच्या मजल्यावरचं, सगळ्यांचं वायफाय या तीन चॅनलवर दाटीवाटीने बसलेलं असतं. त्यातच ब्लूटूथ, वायरलेस माउस, बाळावर लक्ष ठेवायचे मॉनिटर, काही कॅमेरे.

मायक्रोवेव्ह साधारण २४५० मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे ६ आणि ११ च्या अधेमधे. त्याच्या दारातून जी किंचित गळती होते ती माणसाला अपाय करण्याइतकी नसते, पण स्पीकरपर्यंत पोहोचणारी लहर त्याहूनही कितीतरी दुबळी असते. त्यामुळे मायक्रोवेव्ह चालू असेपर्यंत आवाज तुटणं आणि तो बंद होताच पूर्ववत होणं, हा अगदी ओळखीचा नमुना आहे. स्पीकर आणि राउटर यांच्या मधल्या रेषेत तो येत असेल तर कुणीतरी जागा बदलायला हवी.

फोनवर वायफायची ताकद दाखवणारं एखादं ॲप घ्या आणि स्पीकरच्या जागेवर उभं राहून आकडा वाचा. तो ऋण असतो आणि डीबीएम या लहरीची ताकद मोजायच्या एककात असतो. उणे ५० म्हणजे उत्तम. आवाजासारख्या सलग माहितीसाठी उणे ६७ च्या खाली जाऊ नये असं मानतात. उणे ७५ ला वेबसाइट उघडेल, व्हिडिओसुद्धा चालेल, पण स्पीकर रडवेल. आकडे लहान दिसले तरी फरक मोठा असतो. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, म्हणजे उणे ५० आणि उणे ८० यांच्यात हजार पटींचं अंतर पडतं. त्यामुळे स्पीकर नुसता हातभर सरकवूनही कधी कधी चमत्कार घडतो.

राउटर कुठे ठेवलाय? टीव्हीच्या मागे, धातूच्या कपाटात, जमिनीवर, आरशाच्या आड यांपैकी एखादं उत्तर असेल तर पुढचं वाचण्याआधी तो तिथून काढा. धातू आणि आरशामागचा थर लहरी परतवतात, पाणी त्या शोषतं. मोठं मत्स्यालय हा लहरींसाठी जवळपास भिंतीसारखाच अडथळा. राउटर उंचावर, मोकळ्यावर, स्पीकरपासून निदान एक मीटर लांब असावा. अगदी शेजारी चिकटवून ठेवला तर चांगलं चालेल असं वाटतं, पण तसं नसतं.

मग राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी करा. २.४ च्या पट्ट्यात चॅनलची रुंदी ४० असेल तर २० मेगाहर्ट्झवर आणा. ४० म्हणजे एवढ्याशा पट्ट्यातली निम्मी जागा अडवणं. आणि चॅनल आपोआप निवडायचं सोडून १, ६, ११ पैकी सगळ्यात मोकळा असेल तो पक्का करा. आपोआपच्या भरवशावर राहिलात तर राउटर मधूनच चॅनल बदलतो, आणि त्या उडीत काही स्पीकर मागे राहून जातात.

माझ्या घरातला चोर

आमच्याकडच्या जोडीचा आवाज रात्री तुटायचा. मी मायक्रोवेव्हवर आळ घेतला, कारण तोही त्याच सुमाराला चालायचा. दोन रात्री तो वापरलाच नाही. आवाज तुटलाच. चोर सोडून संन्याशाला फाशी. मग नोंदी लिहायला घेतल्या. नवव्या दिवशी कळलं की आवाज बरोबर नऊच्या पुढे तुटतो, पाऊण तासाने थांबतो आणि रविवारी मुळीच तुटत नाही. रविवार पाळणारा अडथळा!

रविवार पाळत होता तो माझा बॅकअप. लॅपटॉपमधल्या कामाच्या फायली रोज नऊला, रविवार सोडून, राउटरला लावलेल्या हार्ड डिस्कवर उतरायच्या. पण लॅपटॉप तर केबलने जोडलेला, मग वायफाय का अडावं? अडत होतं ते डिस्कच्या यूएसबी ३.० मुळे. या जोडणीत माहिती इतक्या वेगाने धावते की तिचा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. आमची डिस्क राउटरच्या अँटेनाला टेकून बसलेली, तिची केबल आखूड. म्हणजे राउटरच्या कानाशीच कुणीतरी पाऊण तास ताशा वाजवत होतं आणि मी स्पीकरला रीसेट करत होते.

चांगल्या आवरणाची लांब केबल घेऊन डिस्क मीटरभर दूर ठेवली. त्या दिवसापासून आवाज तुटला नाही. तुमच्या राउटरला पेन ड्राइव्ह किंवा डिस्क लटकत असेल तर आधी ती काढून एक रात्र पाहा.

५ गिगाहर्ट्झवर गेलं की सुटलं?

बऱ्याच अंशी. तिथे जागा भरपूर आहे, मायक्रोवेव्ह नाही, ब्लूटूथ नाही. स्पीकरला हा पट्टा येत असेल आणि तो राउटरच्याच खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे असेल तर जरूर इकडे आणा. भिंती जास्त असतील तर ५ ची लहर दमते आणि २.४ च बरं पडतं.

एक खोच आहे. चॅनल ५२ ते १४४ हा भाग रडारबरोबर वाटून घेतलेला आहे. तिथे बसलेल्या राउटरला रडारची चाहूल लागली, किंवा तसा नुसता भास झाला, की त्याला काही सेकंदांत चॅनल सोडावा लागतो आणि अर्धा तास तिथे परतता येत नाही. नवा चॅनलही याच भागातला असेल तर आधी किमान मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. विमानतळ, बंदर किंवा हवामान रडार जवळ असेल आणि आवाज दिवसातून एखाद-दुसऱ्यांदा मिनिटभरासाठी गायब होत असेल तर इथेच शोधा. चॅनल ३६ ते ४८ पैकी एक पक्का केला की हा प्रश्न उरत नाही.

फोनला स्पीकर दिसत नाही तेव्हा

फोन आणि स्पीकर एकाच नेटवर्कवर आहेत ना, हे आधी पाहा. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर उपकरणं मुद्दाम एकमेकांपासून लपवलेली असतात. तिथे इंटरनेट मिळेल, स्पीकर मिळणार नाही. मुख्य नेटवर्कवरही आयसोलेशन अशा नावाचं बटण चालू राहिलेलं असतं.

घरात दोन राउटर असतील, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्याने दिलेला एक आणि तुम्ही आणलेला दुसरा, तर दोघेही उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटत बसलेले असू शकतात. एका घराला दोन पोस्टमन, आणि दोघांच्या वह्या वेगळ्या. एकाला सेटिंगमध्ये ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे तो पत्ते वाटायचं सोडून नुसती माहिती पुढे पाठवेल. मग राउटरमध्ये प्रत्येक स्पीकरसाठी पत्ता राखून ठेवा. पत्ता भाड्यासारखा मुदतीवर मिळतो आणि मुदत निम्मी सरली की उपकरण नूतनीकरण मागतं. काही स्पीकर या ठिकाणी धडपडतात. आवाज ठरावीक तासांनी जात असेल तर हा उपाय आधी करा.

जाळीचं, म्हणजे घरभर अनेक केंद्रं ठेवलेलं मेश वायफाय असेल तर एका जागी ठेवलेल्या स्पीकरला जवळच्या केंद्राशी बांधून टाका. तशी सोय नसेल तर सगळी केंद्रं चालू असताना स्पीकर एकदा बंद करून चालू करा, म्हणजे तो लांबच्याला धरून बसला असेल तर सोडेल. स्पीकरला केबलची जागा असेल तर एक केबल जोडून टाकावी, मी तर म्हणेन शक्य तिथे केबलच. फक्त एक जपा. आपसांत स्वतःचं वायरलेस जाळं विणणारे दोन-तीन स्पीकर केबलनेही जोडले की माहितीला गोल फिरायला वाट मिळू शकते, आणि मग स्पीकरच काय, घरातलं सगळं नेटवर्क गुदमरतं. अशा वेळी एक सोडून बाकीच्यांच्या केबल काढून पाहा.

ब्लूटूथवर ऐकत असाल तर

वरचं निम्मं विसरा. इथे राउटर नाहीच, फोनच गाणं पाठवतो. फोन खिशात, तुम्ही स्पीकरकडे पाठ करून उभे, म्हणजे मधे पाण्याने भरलेलं शरीर. तेवढंही पुरतं. ब्लूटूथ १ मेगाहर्ट्झच्या ७९ चॅनलवर सेकंदाला १६०० उड्या मारतं आणि गर्दीचे चॅनल टाळतं, त्यामुळे ते चिवट आहे, पण सगळाच पट्टा भरलेला असेल तर टाळणार किती?

स्पीकर एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेला असेल तर लॅपटॉपवरची टुणकन वाजणारी सूचनाही गाणं हिसकावून घेते. जोडलेली पण नको असलेली उपकरणं यादीतून काढून टाका. आणि स्क्रीन बंद झाल्यावर काही मिनिटांनी आवाज जात असेल तर फोनच बॅटरी वाचवायला ॲपचा गळा दाबतोय. त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन उठवा.

टीव्हीचा आवाज, आणि सिनेमातली शांतता

साउंडबार किंवा वायरलेस सबवूफर शांत प्रसंगानंतर जागाच होत नसेल तर तो बिघडलेला नाही, झोपलाय. १५-२० मिनिटं पुरेसा आवाज आला नाही की अनेक स्पीकर आपणहून झोपतात, आणि 'पुरेसा' म्हणजे किती हे त्यांनीच ठरवलेलं असतं. हळू आवाजात रात्री पाहणाऱ्यांना हा त्रास जास्त. सेटिंगमध्ये ऑटो स्टँडबाय बंद करा. तशी सोय नसेल आणि जोडणी ऑक्सने, म्हणजे साध्या ऑडिओ वायरने असेल तर टीव्हीचा आवाज वाढवा आणि स्पीकरचा कमी करा. कानाला तेवढंच ऐकू येईल, पण स्पीकरला मिळणारा संदेश ठसठशीत होईल.

एचडीएमआयने जोडलं असेल तर केबल एआरसी लिहिलेल्याच छिद्रात हवी आणि टीव्हीत सीईसी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना आज्ञा द्यायची सोय, चालू हवी. ठरावीक चॅनल किंवा ठरावीक सिनेमालाच आवाज जात असेल तर टीव्हीच्या आवाजाचा प्रकार पीसीएमवर, म्हणजे साध्या, न दाबलेल्या स्वरूपावर ठेवून पाहा. आवाज आला, तर साउंडबारला मूळ स्वरूप उलगडत नव्हतं.

राहिली वीज

आवाज मोठा केला की, किंवा ढोलाचा ठोका पडला की स्पीकर बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर अडॅप्टर तपासा. मूळचा हरवून दुसराच लावलेला असतो, व्होल्ट जुळतात पण अँपिअर कमी पडतात. हळू आवाजात तो तग धरतो आणि मोठ्या ठोक्याला कोसळतो. एक्स्टेन्शन बोर्डचा सैल सॉकेटही हेच करतो, म्हणून आधी भिंतीतल्या सॉकेटला लावून पाहा.

जागा बदलून, केबलने जोडून, योग्य अडॅप्टर लावूनही तोच एक स्पीकर गप्प होत असेल तर तो दुरुस्तीलाच न्यायचा. फॅक्टरी रीसेट करायचाच असेल तर तो आत्ता करा, आणि स्पीकरबरोबर ती नोंदींची यादीही द्या. नाहीतर दुकानात तो दहा मिनिटं छान वाजतो, आणि तसाच घरी परत येतो.